दोन मिनिटांची बॅटरी

खटावकर सरांनी यूपीएसपुढे नारळ फोडला आणि त्याचं पाणी नेमकं बॅटरीच्या खोक्यावर उडालं. मी धावत जाऊन ओढणीनं पुसून काढलं.

“सर, आत करंट आहे.”

“देवाचं पाणी आहे गं,” सर म्हणाले. “काही होत नाही.”

आमचं गाव तालुक्याचं, जतच्या अलीकडे पस्तीस किलोमीटरवर. एसटी स्टँडसमोर औषधांच्या दुकानावर सरांची अक्षरयोग टंकलेखन संस्था. सव्वीस वर्षं सरांनी तिथं पोरापोरींना टायपिंग शिकवलं, आधी खडखडणाऱ्या मशीनवर आणि नंतर कॉम्प्युटरवर. मी सतरा वर्षांची असताना तिथं शिकायला गेले आणि मग तिथंच शिकवायला राहिले. दहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या संस्थेला सरकारी टायपिंग परीक्षेचं केंद्र मिळालं होतं. तोवर आमची मुलं परीक्षेला पहाटेची एसटी पकडून सांगलीला जायची आणि बस लागली की उलट्या करत तिथं पोचून नापास व्हायची. केंद्र हवं तर लाईट गेल्यावर परीक्षा थांबता कामा नये, अशी अट होती. म्हणून हा यूपीएस.

बसवायला आलेल्या माणसानं बॅटऱ्या जोडल्या, यूपीएसमधून निघालेली करड्या रंगाची एक वायर सर्व्हरला खुपसली आणि एक सीडी माझ्या हातात दिली. “सॉफ्टवेअर सोपंय मॅडम. नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं.”

मी नेक्स्ट नेक्स्ट करणाऱ्यांतली नाही. शब्दकोश जवळ घेऊन मी त्याची पुस्तिका दोन दिवस वाचली. लाईट गेली की त्या वायरीतून सर्व्हरला खबर मिळते. बॅटरी किती टक्के उरली, किती वेळ पुरेल, सगळं पडद्यावर दिसतं. आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर बाराही मशीनना हुकूम सोडतो, आवरा आणि बंद व्हा. म्हणजे मशीन धाडकन पडत नाहीत, काम सांभाळून बंद होतात. हुकूम कधी सोडायचा, ते आपण आधी भरून ठेवायचं. आमची बॅटरी चाळीस मिनिटं पुरत होती. वीस टक्के उरली की बंद, असं मी ठरवलं होतं.

पण उद्घाटनाला आलेली माणसं अर्धा तास अंधारात उभी राहून काय बघणार? म्हणून त्या दिवसापुरतं मी भरलं, लाईट गेल्यावर दोन मिनिटांनी बंद. सरांनी मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, मशीन चालूच राहिली. दोन मिनिटांनी बाराही पडदे एकामागोमाग शहाण्यासारखे मिटले. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

“आमची सारिका म्हेत्रे इंजिनिअरला भारी आहे,” सर सगळ्यांना सांगत सुटले. मी पेढे वाटत फिरत होते आणि माझे पाय काही जमिनीला लागत नव्हते. पुढचे तीन आठवडे ते लागलेच नाहीत.

परीक्षेला बसणाऱ्यांत शमशाद मुलाणी होत्या. वय छत्तीस. सगळे त्यांना भाभी म्हणत. त्यांचा नवरा पाटबंधारे खात्यात होता, कालव्यावर ड्युटीवर असतानाच छातीत कळ येऊन गेला. त्याच्या जागी भाभींना अनुकंपेवर कारकुनाची नोकरी मिळाली होती. अट एकच, दोन वर्षांत मराठी टायपिंग पास व्हायचं. मिनिटाला तीस शब्द. नाही झालात तर नोकरी गेली. भाभी दोनदा सांगलीला जाऊन नापास झाल्या होत्या. तीन महिन्यांनी त्यांची दोन वर्षं भरत होती, आणि यानंतरची परीक्षा सहा महिन्यांनी होती. त्यामुळे जे काय व्हायचं ते याच वेळी.

त्या आल्या तेव्हा त्यांना माऊस कुठून धरायचा ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी बोटं कळांवर ठेवून दाखवली, तर म्हणाल्या, “मॅडम, करंगळीला आजवर कामच न्हवतं कधी. आता म्हातारपणी नोकरी लागली तिला.” रोज साडेपाचला ऑफिस सुटलं की यायच्या आणि सरांनी कुलूप काढून हातात धरेपर्यंत बसायच्या. शेवटच्या आठवड्यात बत्तीस शब्दांवर पोचल्या होत्या. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण त्या मला मॅडम म्हणायच्या आणि चुकले की तोंडावर सांगायच्या.

परीक्षेच्या दिवशी साडेदहाची बॅच होती. बाहेरून एक पर्यवेक्षक आले होते, देशिंगे सर, दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेचे. आल्या आल्या त्यांनी दीडची एसटी कुठं लागते ते विचारून घेतलं होतं. पेपरमध्ये आधी पत्र, मग तक्ता, आणि शेवटी सात मिनिटांचा गतीचा उतारा. उतारा एकदा सुरू झाला की थांबत नाही. पोरं भराभर संपवून, मशीन बंद करून, सही करून, जिना उतरून गेली. भाभींचा तक्ता सावकाश झाला, त्यामुळे साडेअकराला खोलीत त्या एकट्याच उरल्या. मी दुसऱ्या टोकाला सर्व्हरच्या टेबलाशी सह्यांचे कागद लावत होते. देशिंगे सर गॅलरीत चहा घेत होते. खटावकर सर खाली ऑफिसात.

अकरा चाळीसला लाईट गेली.

यूपीएस टुक टुक करू लागला. भाभींचं मशीन चालूच होतं, त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. कळांचा आवाज एकसारखा येत होता. मला इतका आनंद झाला की मी त्या यूपीएसकडं बघून हसले. आणि मग माझ्या समोर सर्व्हरच्या पडद्यावर एक चौकट आली, ती मला वाचताही आली नाही इतक्यात सर्व्हर बंद झाला. खोलीच्या त्या टोकाला कळांचा आवाज थांबला.

“मॅडम,” भाभी म्हणाल्या. “माझं मशीन गेलं.”

देशिंगे सर कपासकट आत आले. भाभींच्या मशीनकडं बघितलं, मग यूपीएसकडं गेले. माझ्याकडं तोंड करून ठेवलेला सर्व्हरचा काळा पडदा त्यांना दिसला नाही. यूपीएसच्या तोंडावरच्या काचेत आकडा दिसत होता, ब्याण्णव टक्के.

“बॅटरी भरलेली आहे,” ते म्हणाले. “यूपीएस चालू आहे. मग मशीन कसं बंद झालं?”

“मला काय म्हाईत?” भाभी म्हणाल्या. “मी टायपिंग करत हुते.”

“पाय लागला असेल बटणाला. किंवा लावला असेल.”

“लावला म्हंजे?”

“उतारा जमत नाही असं दिसलं की लोक खालचं बटण दाबतात. लाईट गेली म्हणून सांगतात आणि पुन्हा परीक्षा मागतात. अकरा वर्षं ही ड्युटी करतोय मी, बाई.”

एवढ्यात लाईट आली. मी सर्व्हर चालू केला. त्या सॉफ्टवेअरमध्ये घडलेल्या गोष्टींची यादी आपोआप लिहिली जाते. मी ती उघडली. अकरा चाळीस, लाईट गेली. अकरा बेचाळीस, सर्व मशीन बंद करण्याचा हुकूम. त्याच्याखाली माझ्या हातानं भरलेला आकडा होता. दोन.

उद्घाटनानंतर मी तो बदललाच नव्हता. पेढे वाटत बसले आणि विसरले. त्या तीन आठवड्यांत क्लासच्या वेळेत लाईट एकदाही गेली नाही, म्हणून लक्षातही आलं नाही.

पुढं मी जे केलं त्याला एक मिनिटही लागलं नाही. मी दोन खोडलं, बॅटरी वीस टक्के उरल्यावर असं भरलं, जतन केलं आणि खिडकी बंद केली. मग मी देशिंगे सरांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. बारा वाजायला पाच मिनिटं होती. भाभींचा उतारा मी तपासला. चौथ्या मिनिटाला तुटलेला. तोवर त्यांची गती चौतीस शब्दांची होती.

खटावकर सर वर आले. देशिंगे सरांनी त्यांना आपली हकिगत सांगितली आणि बॅगेतून छापील नमुना काढला. काही अडचण आली तर त्याच दिवशी अहवाल पाठवायचा असतो.

“बाई, तुम्ही इथं सही करा आणि जा,” ते भाभींना म्हणाले. “बाहेर गेल्याची सही.”

“सही केली की माझा पेपर संपला न्हवं?”

“संपलाच आहे तो.”

“मग मी उठणार न्हाई,” भाभी म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. पिशवी मांडीवर घेतली आणि खुर्ची आणखी थोडी टेबलाजवळ ओढली. देशिंगे सर म्हणाले, नियम असा आहे. भाभी म्हणाल्या, दाखवा कुठं लिवलंय. देशिंगे सर म्हणाले, पोलिसांना बोलवावं लागेल.

“बोलवा की. त्यांच्यासमोर टाईप करून दाखवते. त्यांच्यातबी कुणाला शिकायचं आसंल.”

खटावकर सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही गॅलरीत गेलो. खाली स्टँडवर जतची गाडी लागत होती.

“काय झालंय नक्की?” सरांनी विचारलं.

सरांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. फी न घेता त्यांनी मला शिकवलं होतं, माझ्या वडिलांशी भांडून मला कामावर घेतलं होतं. मी सगळं सांगितलं. दोन मिनिटं, उद्घाटन, विसरले.

सर कठड्याला टेकले. 

“आणि आता किती आहे तो आकडा?”

“बदलला मी. वीस टक्के.”

“मग झालं तर,” सर म्हणाले. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांनी हुश्श केलं. “यादी पण पुसून टाक. विषय संपला.”

“सर, त्यांची नोकरी जाईल.”

“आणि केंद्राची चूक लिहिली तर केंद्र जाईल. पहिल्याच परीक्षेला. पुन्हा सगळी पोरं पहाटेच्या एसटीत. शंभर पोरं, सारिका. वर्षाला दोनदा. आणि चूक कुणाची तेही लिहावं लागतं त्यात. तुझं नाव जाईल पुण्याला, परीक्षेच्या मुख्य ऑफिसात. तुला परत कुठल्या केंद्रावर उभं करणार नाहीत.” ते थांबले. “मी वाईट माणूस नाही गं.”

ते वाईट नव्हतेच. तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला नाही म्हणायला मला कधी वेळ लागत नाही, माझ्या सासरच्यांना विचारा. पण ज्यानं आपल्याला उभं केलं, तो माणूस शंभर पोरांचं नाव पुढं करून आपल्यालाच वाचवायला निघाला की जीभ टाळूला चिकटते. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. हेही सांगायलाच हवं.

आम्ही आत आलो. देशिंगे सर नमुना भरत होते आणि भाभींनी बंद मशीनच्या कीबोर्डवर बोटं चालवायला सुरुवात केली होती. तोच उतारा, पाठ झाला होता तेवढा. खट खट खट.

“आवाज बंद करा,” देशिंगे सर म्हणाले.

“मशीन बंद हाय. आवाजाला कसली मनाई?”

“किती वेळ बसणार आहात?”

“तुमची एसटी कितीला हाय?”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. अशी पाऊण तास रस्सीखेच चालली. खटावकर सरांनी समजावून पाहिलं, चहा मागवून पाहिला. भाभींनी चहा प्यायला आणि कप बाजूला ठेवून पुन्हा टायपिंग सुरू केलं. मी सर्व्हरपाशी बसून होते. यादी पुसायचं बटण माझ्यासमोर होतं. त्याच्यावर दोनदा माऊस नेला आणि दोनदा मागं घेतला. तिसऱ्यांदा नेला असता की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

एकला देशिंगे सरांचा अहवाल झाला.

“मॅडम, तांत्रिक सहायक म्हणून इथं तुमची सही,” त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला.

मी वाचला. परीक्षा चालू असताना वीज खंडित झाली. यूपीएस व सर्व संगणक सुस्थितीत होते. परीक्षार्थीने हेतुपुरस्सर संगणक बंद केला. आणि त्याच्यापुढं, गैरप्रकार.

“गैरप्रकार?” मी म्हणाले.

“मग काय लिहू? उठायला सांगितलं तर उठत नाहीत. याची प्रत त्यांच्या ऑफिसलाही जाते. आता काय ते तिकडं बघतील.”

म्हणजे नुसतं नापास नाही. लबाडी केली म्हणून नोकरी जाणार. नवऱ्याच्या जागी, नवऱ्याच्या ऑफिसात, नवऱ्याच्या ओळखीच्या माणसांसमोर. आणि खाली माझी सही. माझ्या कानशिलात जाळ झाला. त्या माणसाचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त राग ज्या बाईचा आला ती त्या दिवशी माझ्याच चपला घालून उभी होती.

“मी सही करणार नाही.”

“का?”

“हे खोटं आहे म्हणून. मशीन त्यांनी बंद केलं नाही. मी केलं.”

“सारिका,” खटावकर सर म्हणाले.

“तुम्ही केलंत? तुम्ही तर त्या टोकाला होता.”

“तीन आठवड्यांपूर्वी केलं. थांबा, दाखवते.”

मी सर्व्हरवर ते पान उघडलं. वीस टक्के खोडलं. दोन मिनिटं भरलं. देशिंगे सरांना मागं उभं करून दाखवलं, हे बघा, दोन. सकाळी इथं हेच होतं. मग अकरा चाळीस आणि अकरा बेचाळीसच्या ओळी दाखवल्या. ते चष्मा वर-खाली करत राहिले.

“मला यातलं इंग्रजी कळत नाही,” ते म्हणाले. “यादी काय, कुणीही लिहील.”

“मग डोळ्यांनी बघा.”

मी भाभींचं मशीन चालू केलं आणि त्यांच्यासमोर सरावाचा उतारा उघडला. मग दाराशेजारच्या मेन स्विचकडं गेले.

“स्विचला हात लावू नकोस,” खटावकर सर म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. “केंद्र जाईल, पोरी.”

“जाऊ दे, सर. यांच्या नोकरीवर पाय देऊन उभं राहणार असेल तर जाऊ दे.”

मी स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. यूपीएस टुक टुक करू लागला. भाभींनी मला एक शब्द विचारला नाही. त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या वर उचलले आणि तसेच धरले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीवरच मांडी घातली.

“पायबी बघून घ्या,” त्या देशिंगे सरांना म्हणाल्या.

देशिंगे सर खरोखर वाकले आणि त्यांनी टेबलाखाली बघितलं. दोन मिनिटं म्हणजे किती, हे तोवर मला माहीत नव्हतं. खाली स्टँडवर कंडक्टर ओरडत होता, यूपीएसच्या काचेत सत्त्याण्णव, शहाण्णव असा आकडा उतरत होता. भाभींचे हात हळूहळू कापायला लागले, पण त्यांनी ते खाली घेतले नाहीत. मग सर्व्हरवर ती चौकट आली. भाभींच्या पडद्यावर आली. कुणाचाही हात लागलेला नसताना मशीन मिटलं.

यूपीएसवर आकडा होता पंचाण्णव.

देशिंगे सर सरळ झाले. त्यांनी रुमालानं मान पुसली. त्यांची दीडची एसटी आता चुकणार होती, पण त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही. त्यांनी भरलेला नमुना उभा फाडला आणि दुसरा काढला.

“कुणाचं नाव घालू?” त्यांनी विचारलं.

खटावकर सर खिडकीबाहेर बघत होते.

“माझं,” मी म्हणाले. “सारिका महादेव म्हेत्रे. पूर्ण लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अंगावर जायला नको.”

अहवाल झाला, सह्या झाल्या. भाभींनी तो आधी वाचला, बोट ठेवून, शब्दन् शब्द. मगच चपला घातल्या, उठल्या आणि बाहेर गेल्याची सही केली.

पुढचं सांगून टाकते. दीड महिन्यांनी भाभींची फेरपरीक्षा सांगलीला झाली. त्या तेहतीस शब्दांनी पास झाल्या आणि अजून त्याच ऑफिसात आहेत, आता वरिष्ठ लिपिक. सरांचं केंद्र दोन वर्षांसाठी गेलं आणि नंतर परत मिळालं. दोन वर्षं पोरं पहाटेच्या एसटीनं गेली, आणि त्यांतल्या काहींच्या आया बाजारात मला बघून रस्ता बदलायच्या. मला तीन वर्षं कुठल्याही केंद्रावर उभं राहायला बंदी झाली. सरांनी त्याच दिवशी माझ्याकडून संस्थेची किल्ली मागून घेतली. रागावले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढं केला आणि मी किल्ली ठेवली. आज माझी स्वतःची टायपिंगची संस्था आहे, आणि सर्व्हरचा तो आकडा मी दर सोमवारी बघते.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. गावात कुणी सांगायला लागलं की म्हेत्रे मॅडमनी कसा सगळ्यांसमोर मेन स्विच ओढला, तिथपर्यंत येऊन थांबतात. मीही बरीच वर्षं तिथंच थांबायचे. ऐकायला बरं वाटतं.

पण त्या दिवशी किल्ली देऊन मी जिना उतरले तेव्हा औषधांच्या दुकानासमोर भाभी उभ्या होत्या. मला वाटलं, आता या माझे हात धरतील, रडतील. मी तशा तयारीनंच पुढं झाले.

“एक विचारू, मॅडम?” त्या म्हणाल्या. “तुमाला कवा कळलं?”

“काय?”

“मशीन तुमच्यामुळं बंद पडलं त्ये.”

खोटं बोलता आलं असतं. नुकतीच मी सगळ्यांसमोर खरं बोलून आले होते, एक छोटंसं खोटं त्यात खपून गेलं असतं.

“बाराच्या आधीच,” मी म्हणाले.

“आन् सांगितलं एकनंतर.”

“हो.”

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते नवीन नव्हतं.

“मी बघत हुते तुमाला,” त्या म्हणाल्या. “लाईट आली, तुमी मशीन चालू केलं, वाचलं काय तरी, बदललं काय तरी. आन् मग सगळीकडं बघितलं. त्या सरांकडं, दाराकडं, घड्याळाकडं. माझ्याकडं तेवढं न्हाई. तवाच मला कळलं, हिला म्हाईत हाय.”

“मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? सगळ्यांसमोर सांगायचं की, हिनं काहीतरी बदललं म्हणून.”

“आन् तुमी न्हाई म्हनला असता, तर?” भाभींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “माझं कोन ऐकणार हुतं? तुमच्याच तोंडातनं यायला पायजे हुतं त्ये. म्हनलं, बसू. दीड वरीस रोज हिच्याशेजारी बसलोय. गप ऱ्हायला हिला काय दम निघणार न्हाई.”

त्या पोलिसांना भीक घालत नाहीत, देशिंगे सरांना जुमानत नाहीत, नियमाशी भांडतायत, असं मी समजत होते. सव्वा तास ती बाई फक्त माझी वाट बघत बसली होती.